चुलीला आवतण

आमच्या गावात कुणी वारलं की मयतीला सगळ्यांच्या आधी खिमाण्णा पोचतो. एकदा तर माणूस वारायच्या आधीच पोचला होता. वरच्या आळीतल्या बापूकाकांचं आता काही खरं नाही असं कळलं, आणि हा पठ्ठ्या खांद्यावर पंचा टाकून, काखेत चार गोवऱ्या मारून दारात हजर. बापूकाकांनी डोळे किलकिले करून त्याच्याकडं बघितलं, गोवऱ्यांकडं बघितलं, आणि त्या रागावर पुढं सव्वा वर्ष जगले.

मयतच कशाला, लग्न, बारसं, ग्रामसभा, सगळीकडं हा पंधरा मिनिटं आधी. ग्रामसभेला तर कुलूप काढणाऱ्या शिपायाच्याही आधी. कारण त्याच्या मनगटावरचं घड्याळच पंधरा मिनिटं पुढं. मी कितीदा म्हटलं, "आरं, नीट लाव की ते." तर म्हणायचा, "बरोबर हाय त्ये, तात्या," आणि विषय बदलायचा.

आता ओळख करून देतो. आमचं गाव उंब्रजच्या अलीकडं, हायवेला चिकटून. खिमाण्णा या गावचा नाही. तालुक्याचा नाही, जिल्ह्याचा नाही, आणि खरं सांगायचं तर देशाचाही नाही. त्याचं पाळण्यातलं नाव खिमानंद. नेपाळच्या पश्चिमेला डोंगरात कुठंतरी घर, बसमधून उतरलं की अर्धा दिवस चढण चढायची, असं तो सांगतो. अकरा वर्षांपूर्वी हायवेवरच्या ढाब्यात भांडी घासायला आला. वर्षाभरानं बायकोला, जानकीला, घेऊन आला. पुढं ढाबा बंद पडला, ढाबेवाला गेला, बाकीची पोरं पुण्याला पांगली. हा मात्र हलला नाही.

मी गावातला गिरणीवाला. तोंडाचा फटकळ आहे असं लोक म्हणतात, ते खोटं नाही. गिरणीच्या भिंतीला लागून माझी एक खोली आहे, ती त्यानं मागितली आणि मी दिली. माया आली म्हणून नव्हे हं. त्या खोलीत दिवसभर पीठ उडतं, गावातलं कुणी ती घेईना. पहिले सहा महिने नवरा-बायको पांढऱ्या भुवया घेऊनच बाहेर पडायची. मग त्यानं कुठून तरी ताडपत्री आणून भिंतीच्या भेगा बंद केल्या, दाराला पडदा लावला आणि हायवेला गाडा टाकला. वडे, भजी आणि मोमो.

मोमो बघून गावातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, "ह्या करंज्या तळायच्या ऱ्हायल्या वाटतं." महिनाभर कुणी हात लावेना. दुसरा असता तर गाडा मोडून गेला असता. हा माझ्या मंडळींकडं आला आणि हिरव्या मिरचीचा खर्डा कसा वाटायचा ते शिकून गेला. मोमोसंगं खर्डा. आता रविवारी त्याच्या गाड्यापुढं गाड्यांची रांग लागते आणि त्याच म्हाताऱ्या नातवंडांना पाठवून करंज्या मागवतात.

पण मला त्याचा राग यायचा तो एका गोष्टीचा. हा माणूस आम्हाला आमच्या रीती शिकवायचा. सावडायला कुणी उशिरा आलं की पुढं होऊन म्हणणार, "आपल्यात असं नसतंय बरं का." नवरदेव पारावर चप्पल घालून चढला की, "आपल्यात असं नसतंय." कोण कुणाचा चुलता, कोण कुणाचा साडू, कुणाचं कुणाशी बांधावरनं वाजलंय, सगळं त्याला तोंडपाठ. जेवणावळीत कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही हे आता लोक त्यालाच विचारतात. एकदा मी भडकलो. "आपल्यात म्हंजे कुणाच्यात रं? तू कवापास्नं आपल्यातला?"

तो हसला. "त्येच तर बगतोय, तात्या. कवापास्नं ते."

एकदा दळण घ्यायला आला होता तेव्हा मी सहज म्हटलं, "आरं, वळखीचं न्हाई, पाळखीचं न्हाई, अशा मानसाच्या मयतीला कशाला पळतोस?" पिशवीचं तोंड बांधता बांधता तो म्हणाला, "माझा बा गेला तवा मी हितं हुतो. पोचायला पाच दिस लागलं. सगळं उरकलं हुतं." आणि पिशवी डोक्यावर घेऊन गेला. मी पुढच्या बाईचे गहू पाटीत ओतले. 

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमच्याकडं जेवणाचं आवतण दोन तऱ्हेचं. एक घरटी माणूस. म्हणजे घरातल्या एकानं येऊन जेवून जायचं. दुसरं चुलीला आवतण. म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही, म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळ्यांनी यायचं. हे भावकीला आणि अगदी आतल्या माणसांना. खिमाण्णाला यातलं कुठलंच नसायचं. त्याला रस्त्यात कुणीतरी म्हणायचं, "खिमाण्णा, येऊन जा रं." तो चार दिवस आधी जाऊन कांदे कापायचा, पाणी भरायचा, पंगती उठवायचा आणि शेवटच्या पंगतीला एकटा बसून जेवायचा. जानकी आणि पोरगी मनीषा घरी.

मनीषा इथंच जन्मली, कऱ्हाडच्या दवाखान्यात. ती शाळेला जायला लागली तेव्हापासून यानं मनावरच घेतलं. एक दिवस मला सरळ विचारलं, "तात्या, चुलीला आवतण कवा येतंय?"

"त्येला भावकी लागती."

"मग भावकी कशी करायची?"

"आरं, ती करायची नसती. जन्मानं असती."

"हितं जन्म घ्यायचा ऱ्हायला खरा," तो म्हणाला. "पर पोरीचा झालाय की. तात्या, एकट्याला बोलावत्यात ते कामाचं मानूस. चुलीला बोलावत्यात ते गावचं मानूस. मला पोरीला गावची करायचीया."

सांगून टाकलं त्यानं. आणि एकदा मनावर घेतलं की हा माणूस घोरपडीसारखा चिकटतो.

दोन वर्षांपूर्वी सरपंचांच्या पोरीचं लग्न होतं. खिमाण्णानं आठवडाभर गाडा बंद ठेवून मांडवात काम केलं. या खेपेला चुलीला आवतण येणारच, अशी त्याची खात्री. लग्नादिवशी सकाळी त्यानं जानकीला गॅस पेटवू दिला नाही. मायलेकी नवी कापडं घालून खोलीच्या उंबऱ्यावर बसल्या. दहा वाजले, बारा वाजले. दोनच्या सुमाराला आवतणं सांगत फिरणारे दत्तूमामा सायकलवरून आले, पाय न टेकता म्हणाले, "खिमाण्णा, येऊन जा रं!" आणि गेले. जानकी उठली, आत गेली, आणि गॅस पेटवल्याचा आवाज मला गिरणीत ऐकू आला. पोरगी नव्या फ्रॉकातच मॅगी खात बसली.

मी दत्तूमामांना चार शिव्या दिल्या. पण खोटं कशाला बोलू, मीही त्याला पाच-सहा वेळा "येऊन जा" च म्हटलं होतं. भिंतीला भिंत लागून असताना.

गेल्या पावसाळ्यात गिरणीचा पट्टा तुटून माझ्या हाताला लागला. चौदा टाके पडले. खिमाण्णानं सकाळी गाडा आणि दुपारी गिरणी असं तीन आठवडे रेटलं. ज्वारीवर गहू घेतला नाही, बाजरी बारीक काढली नाही, कुणाची तक्रार म्हणून आली नाही. माझी भावकी संत्री घेऊन भेटायला आली आणि संत्री खाऊन गेली.

यंदा नातवाचं जावळ ठरलं. मी घरात सांगितलं, खिमाण्णाच्या चुलीला आवतण. चुलतभाऊ उसळला. "आरं, उद्या समदी इच्यारतील, ह्यो तुमच्या भावकीत कवा आला?"

"माझा हात पट्ट्यात गावला तवा आला," मी म्हटलं. "तू संत्र्याच्या साली काढत हुतास, म्हून तुला दिसला न्हाई."

दत्तूमामांच्या हाती हे आवतण द्यायचं नाही, असं मी ठरवलं. स्वतः गाड्यावर गेलो. तो भजी सोडत होता. "खिमाण्णा, रविवारी नातवाचं जावळ हाय. तुमच्या चुलीला आवतण."

त्याचा झारा हातातच राहिला. "परत सांगा, तात्या."

"चुलीला आवतण हाय, बहिरा झालास का काय?"

"कुनी कुनी यायचं? नीट सांगा."

"तुझ्या चुलीचं जेवढं मानूस आसंल तेवढं. एक जरी मागं ऱ्हायलं तर माझ्याशी गाठ हाय!"

भजी करपली. काळी ठिक्कर. पण त्यानं ती गिऱ्हाइकाला तशीच बांधून दिली आणि गिऱ्हाइकानंही मुकाट घेतली.

रविवार म्हणजे हायवेला कमाईचा दिवस. त्या रविवारी गाड्यावर ताडपत्री बांधलेली आणि वर मनीषाच्या अक्षरातला पुठ्ठा: "आज चूल बंद आहे. आवतण आहे." पुण्याकडं जाणारी माणसं थांबून वाचत होती आणि उपाशी पुढं जात होती.

बाराचं जेवण. पावणेबाराला तिघं हजर. खिमाण्णाच्या डोक्यावर त्यांच्याकडची रंगीत टोपी. अकरा वर्षांत मी ती कधी बघितली नव्हती. जानकीच्या गळ्यात हिरव्या बारीक मण्यांच्या पोतीची माळ. मी त्यांना पहिल्या पंगतीला, भावकीच्या ओळीत बसवलं. मटण वाढून झालं, भाकरी आल्या, रस्सा फिरला, माणसं तुटून पडली. खिमाण्णा मात्र हात मांडीवर ठेवून बसलेला. जानकी तशीच, मनीषा तशीच. तिघांची पानं तशीच.

माझं डोकं फिरलं. एवढी वर्षं आवतणाचा ध्यास, आणि आता पानाला हात लावत नाहीत म्हणजे काय! मी जवळ जाऊन म्हटलं, "का रं? मीठ कमी हाय?"

"तसं न्हाई, तात्या. आमा जेवली न्हाई अजून."

आमा म्हणजे त्याची आई. तिकडं डोंगरात, एकटीच असते. "मग जेवंल की तिच्या टायमाला!"

"टाइम झाला तिचा." त्यानं मनगट पुढं केलं. "ह्ये तिकडचं घड्याळ हाय. तिकडं पंधरा मिनटं पुढं असतंय. बारा वाजता ती जेवाय बसती, मीबी तवाच बसतो. पर आज तिनं चूलच पेटवली न्हाई. म्या काल फोन केला हुता, आपल्या चुलीला आवतण हाय म्हून."

मला आधी हसूच आलं. "आरं येड्या, आवतण तुमच्या हितल्या चुलीला! तिची चूल येगळी."

"येगळी न्हाई, तात्या," तो म्हणाला. "आमी काय वाटणी करून भाईर पडलो न्हाई. हितं नुसतं गॅसवर भागवतो. चूल तिकडंच हाय. तुमीच म्हनलासा, एकबी मानूस मागं ऱ्हाता कामा न्हाई."

 रागवायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी काय करायचं ते सुचत नाही. सुचलं ते माझ्या मंडळींना. हातातली भाकरीची पाटी खाली ठेवून ती म्हणाली, "लाव फोन." आणि तिनं मनीषाच्या शेजारी चौथं पान मांडलं. भावकीतली एक म्हातारी कुरकुरली, "समूर मानूस नसताना पान वाढत्यात व्हय?"

"मानूस हाय की, आत्याबाई. लांब बसलंय एवढंच," हिनं सांगितलं आणि पानात दोन भाकरी टाकल्या.

फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. पलीकडं एक सुरकुतलेला चेहरा, नाकात फुली, मागं मातीची विझलेली चूल. शेजारीण फोन धरून होती आणि तिच्या दुसऱ्या हातात झाकलेलं ताट होतं. सकाळपासून ती ते घेऊन मागं लागलेली, पण म्हातारी घेईना, आमच्याकडनं वाढल्याशिवाय खायचं नाही म्हणून. म्हातारीनं पान बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात जोडून काहीतरी विचारलं.

"काय म्हनती?"

"इच्यारतीया, घरधनी जेवलं का."

मी खाली वाकून फोनसमोर तोंड नेलं. "सांग तिला, आपल्यात घरधनी शेवटाला जेवतो. आदी तिनं बसायचं."

 अकरा वर्षं गावाला रीत शिकवणारा माणूस, टोपी काढून मांडीवर घेऊन नुसता बसला. शेवटी मनीषानं त्यांच्या भाषेत आजीला सांगितलं. म्हातारी हसली, शेजारणीच्या हातातलं ताट तिनं पुढ्यात ओढलं आणि पहिला घास तोंडात घातला. तेव्हा कुठं इकडं तिघांनी भाकरी मोडली.

 मी वाढप्यांवर उगाच खेकसलो, "आरं, रस्सा कोन फिरवतंय? हिकडं चार पानं हायती, दिसत न्हाईत का तुमाला?"