आवाजी घोटाची बखर

श्रीवाफ प्रसन्न. हुजुरांनी पुसिले की, जपान मुलखी कानाझावा शहरी चिझुरुबाईंनी नणंदेचा आवाजी घोट फत्ते केला तो कैसा? त्यास वर्तमान ऐसे जे.

तेथील बादशाही रेइवा सन सहा, म्हणजे इसवी सन दोन हजार चोवीस, नोव्हेंबर माहे, रविवारी सकाळी यजमान हिदेमासाराव यांच्या थोरल्या भगिनी, खाशा तोशिएबाईसाहेब, चहास येतात ऐसा फोन आला. हिरव्या चहाचा शेवटचा घोट पाहुण्याने सुर्रकन ओढावा म्हणजे चहा पसंत, हा त्या मुलखाचा दस्तूर. अकरा वर्षे वन्सं येत, वाडगा निमूट रिता करीत आणि बरा झालाय म्हणून उठत. आवाज म्हणून नाही. हे शल्य बाईंच्या काळजात रुतले होते, आणि आज सुर्र वाजवून घेईनच ऐसा पण करून त्यांनी सरंजाम सिद्ध केला. भुकटी चाळिली, आणि वाडगा ऊन केला, आणि बांबूची वाकडी पळी तैनात केली, आणि मग ऐंशी काड्यांची नवी कोरी बांबूची रवी आणावयास गेल्या, तो काय! हिदेमासाराव त्याच रवीने न्याहारीचे नात्तो, म्हणजे ते चिकट आंबवलेले सोयाबीन, घुसळीत बसलेले.

"अहो, हे काय आरंभलंय?"

"तार काय सुटतेय बघ," रावांनी अर्ज केला.

रवी जायां जाली आणि तत्क्षणी दाराची घंटी वाजली. मग मसलत करण्यास फुरसत न देखोन बाई स्वयंपाकघरी धावल्या. तेथे जुनी रवी, निम्म्या काड्या गमावलेली, किसणीत अडकलेले आले झाडण्याच्या हलक्या चाकरीस होती. तीस पाचारिले, ऊन पाण्याचे स्नान घातले आणि मोहिमेवर रवाना केले. म्हातारीने शर्थ केली. फेस चढला. राव दाराआड श्वास रोखून उभे, मिशीस नात्तो तैसेच.

वन्संसाहेबांनी वाडगा दोन वेळा फिरवून ओठी लाविला. एक घोट जाला, दुसरा जाला, आणि मग तिसरा ऐसा वाजला की दाराआड रावांनी उडी मारिली.

"चिझुरु, ह्यात घातलंस काय गं?"

"काही नाही, वन्सं. रवी तेवढी जुनी आहे."

"मग नवी घेऊ नकोस. आणि अजून एक वाडगा कर."

बाईंचे डोळे भरून आले. ते दिवशी जुन्या रवीस सरदारकी बहाल जाली, आणि नवी रवी रावांस नात्तोपुरती इनाम मिळाली. चहास आल्याचा वास होता हे लेखकासी ठाऊक, परंतु वन्संस कोणी कळवू नये. येणेप्रमाणे फत्ते जाली, ती लिहून ठेविली असे.