ठिपकेयंत्राच्या दुभाष्याची बडतर्फी

ज्याच्या स्मरणे अडलेले यंत्र चालते त्या विघ्नहर्त्यास वंदन करून, आणि ज्यांच्या कृपेने चालते यंत्र अडते त्या यंत्रकारांसही दुरूनच नमस्कार करून, शके १९४७ विश्वावसुनाम संवत्सरी राज्यात जे वर्तमान जाहले ते लिहितो. लिहिणाराने आपले नाव सांगू नये ऐसा दस्तुर आहे, म्हणोन सांगत नाही. दुसरेही एक कारण आहे, ते पुढे येईल.

राज्यात अंध रयतेच्या पुस्तकांचा कारखाना होता आणि तेथे एक परदेशी यंत्र होते. ते शाईने छापीत नसे. कागद खालून टोचून ठिपके उठवी आणि अंध जन ते बोटांनी वाचीत. यंत्राचा आवाज दहा बायका एकदम भाकऱ्या थापतात ऐसा, परंतु बारा वर्षांत कधी कुरकुरले नाही. यंत्रास संगणकाची बोली कळेना आणि संगणकास यंत्राची कळेना, म्हणोन यंत्रकारांनीच दोहोंमध्ये एक दुभाषी नेमून दिला होता. तो संगणकाच्या पोटात राही, त्यास ड्रायव्हर म्हणत. तो अन्न मागेना, रजा मागेना, आणि दिसतही नसे. ऐसा चाकर कोण्या दरबारास मिळाला आहे?

त्या कारखान्यात आम्ही चिटणिशी करीत असू आणि वेणूबाई रणदिवे म्हणोन जन्मांध बाई पाने तपाशीत. बाईंनी मामलतीच्या परीक्षेस बसावयाचे योजिले होते. वय अडतीस, आणि अडतिसानंतर कोणास बसू देत नाहीत, म्हणोन हीच शेवटली खेप. कायद्याचे पुस्तक ठिपक्यांत नऊशे पाने. निम्मी निघाली, निम्मी राहिली, आणि परीक्षा कार्तिक शुद्ध दशमीस. आम्ही बोलिलो, "बाई, कोणी वाचून दाखवील, ऐका." तर बोलिल्या, "ऐकलेला कायदा या कानातून त्या कानातून जातो. बोटाखालचा कुठं जात नाही." मग पुढे काय बोलावे?

मग खंडेनवमी आली. यंत्रांस हळदकुंकू जाहले, झेंडूच्या माळा पडल्या, वेणूबाई आणि सर्व मंडळी जमली. त्या दिवशी यंत्रास 'नाही' बोलू नये, बोलिल्यास ते वर्षभर आपणांस 'नाही' बोलते, ऐसा त्या कारखान्याचा रिवाज आहे. आणि ऐन आरतीत संगणकाने पडद्यावर विचारिले की नवी आवृत्ती आली आहे, घ्यावी काय? तेव्हा कोणी एकाने शुभ दिवस पाहोन 'होय' दाबिले. दसरा गेला, एकादशीस काम मांडिले, तो नव्या आवृत्तीने आत शिरोन दुभाष्यास हाकलून दिले होते आणि संगणक म्हणे, हे यंत्र माझ्या ओळखीचे नाही. इतकी वर्षे शेजारी बसलेले यंत्र! कसला हा बेइमानपणा!

यंत्रकारांस पत्र गेले. त्यांच्या वकिलाने साखर पेरून उत्तर केले की, आपले यंत्र उत्तम आहे परंतु त्याचा काळ सरला, जुन्या दुभाष्याच्या वाटेने चोर शिरतात, म्हणोन त्यास आम्ही आश्रय देत नाही, नवे यंत्र घ्यावे. आता पाहावे. बारा वर्षांत चोर शिरला नाही, शिरला तो वकील. यंत्र धड, कागद धड, आणि मधला बोलणारा तेवढा उचलून नेला, तेव्हा कोठेतरी पाणी मुरते हे शेंबडे पोरही सांगेल. आणि एकदा संशय आला म्हणजे तो जाग्यावर बसत नाही. आम्ही वकिलाचा संशय घेतला, विजेचा घेतला, सफाईवाल्या गोदाबाईंचा घेतला, आणि मग उस्मानभाई तांबोळी आले त्यांचा घेतला.

उस्मानभाई यंत्रे दुरुस्त करीत. खंडेनवमीस प्रसादाला तेही हजर होते, हे आम्ही मनात टिपून ठेविले. ते बोलिले, "चिटणीससाहेब, ड्रायव्हर मेला नाही हो, नुसता हाकललाय. पहिला संगणक कुठं टाकलात?" आम्हांस वाटले, यास अडगळीचे काय काम? म्हणोन मागोमाग गेलो. कोठीत तो जुना संगणक रद्दीच्या गठ्ठ्यांखाली निघाला, आणि सुरू केला तो आत दुभाषी जैसाचा तैसा बसलेला! वेणूबाईंनी हात जोडिले. परंतु यंत्र जोडिताच दुभाषी म्हणे, या जुन्या संगणकातली माझी सनद गतवर्षी संपली, मी बोलणार नाही. उस्मानभाई हसोन बोलिले, "वाटलंच होतं मला."

वाटलेच होते! आम्ही तडक बोलिलो, "तुम्हांस आधीच कैसे वाटले? तुम्ही यंत्रकारांचे माणूस. 'होय' तुम्हीच दाबिलेत." भाईंचे तोंड उतरले. त्यांनी पेचकस पिशवीत टाकिला आणि बोलिले, "बावीस वर्षं या दारात येतोय. संशयच असेल तर चाललो मी. बाई, माफ करा." दशमीस अकरा दिवस उरले होते, आणि दुभाष्यास बोलता करणारा तोच एक माणूस उंबऱ्यापाशी पोचला होता.

तेव्हा वेणूबाई बोलिल्या, "भाई, थांबा. चिटणीसकाका, कळ दाबताना तुमची अंगठी वाजते. खंडेनवमीला आरतीतही वाजली होती." आम्ही बोलिलो, "मग इतके दिवस बोलिला का नाहीत?" तर म्हणाल्या, "तुम्ही आपण होऊन सांगाल वाटलं. माझं पुस्तक गेलं तरी चालेल म्हणाल, असं नव्हतं वाटलं."

आता लिहिणे प्राप्त. तो कोणी एक आम्हीच. आम्हांस पहिल्या दिवसापासोन ठाऊक होते. लाज इतकी वाटली की भाईंचे पाय धरावयास वाकलो, तर ते मागे सरोन बोलिले, "राहू द्या हो, आधी काम." मग त्यांनी बाहेरच्या जगाची तार काढिली आणि संगणकाचे पंचांग मागे नेऊन शके १९३५ केले. आम्ही बोलिलो, "ही काळाशी लबाडी नव्हे काय?" ते बोलिले, "लबाडी त्यांची. आपण नुसती तारीख बदलली." दुभाष्याने तारीख पाहिली, सनद चालू दिसली, आणि दहा बायका एकदम भाकऱ्या थापू लागल्या. चार दिवसांत साडेचारशे पाने निघाली. सात दिवस बाईंनी पानावरून बोट उचलिले नाही.

तात्पर्य. यंत्रकारांनी दुभाषी बडतर्फ केला, आम्ही दार उघडून दिले, आणि संशय भलत्याच माणसावर घेतला. त्या कोठीत अद्याप शके १९३५ विजयनाम संवत्सर चालते. वेणूबाई परीक्षा उतरल्या आणि मामलतीवर बसल्या. त्यांचा पहिला हुकूम ठिपक्यांत आमच्या नावे आला, तो उस्मानभाईंनी वाचवून आणिला आणि सर्वांदेखत सांगितला की, चिटणिसांनी अंगठी कदापि काढू नये.