सत्त्याण्णव टक्के स्वच्छ

फेरी १. चूक : ०.४२

माझ्या कॉम्प्युटरला मेंदू होता! हसू नका. १९९६ साली अख्ख्या डोंबिवलीत असा मेंदू एकट्या माझ्याकडे होता आणि तो आमच्या टेबलाखाली, बायकोच्या लोणच्याच्या बरणीला खेटून बसायचा. ठाण्याच्या कॉलेजात मी एम.ई. करत होतो. विषय : कापड रंगवून उरलेल्या पाण्यातला रंग काढणे. टाकीत कोळशाची भुकटी किती घातली, पाणी किती वेळ ढवळलं, एवढं मेंदूला सांगायचं. किती टक्के रंग गेला ते त्यानं ओळखायचं. चुकला की खरं उत्तर दाखवायचं आणि पुन्हा फेरी. अशा हजारो फेऱ्या! माणूस इतक्यांदा चुकला असता तर घरच्यांनी हाकलून दिलं असतं.

खरी उत्तरं यायची गोमाजीकडून. एमआयडीसीतल्या एका रंगाई कारखान्यात तो सांडपाण्याच्या टाकीवर होता. टाकीतलं पाणी नाल्यातून खाडीत जायचं, आणि खाडीत गोमाजीचं जाळं. ड्युटी सुटली की तो होडी काढायचा. मिळेल ती मासळी बायको, शेवंती, बाजारात विकायची. त्यामुळे कोळसा घालताना त्याचा हात कधी आखडला नाही. आई पोराच्या भातावर तूप वाढते, तसा घालायचा.

"गोमाजी, रोज दोन बाटल्या. एक टाकीत शिरणाऱ्या पाण्याची, एक बाहेर पडणाऱ्या पाण्याची."

"देतो ना सायब. एकदम फस्क्लास देतो!"

टाकीचा वास मला सोसत नसे. मी फाटकाशीच उभा राहायचो.

फेरी ९०००. चूक : ०.०३

दोनशे चाळीस दिवस, तेवढीच वाचनं, म्हणजे रीडिंग्ज. रंग सत्त्याण्णव टक्के गायब! प्रयोग म्हणून मी अधूनमधून कोळसा कमी घालायला लावायचो. गोमाजी तोंड कडू करायचा, पण घालायचा. तरी सत्त्याण्णव! दर पंधरवड्याला आकडा थोडा घसरायचा, त्यावर मी प्रबंधात 'जिवाणूंचे पाक्षिक चक्र' असं प्रकरण लिहिलं. एकवीस पानं!

कारखान्याच्या शेठनी माझा रिपोर्ट वाचला.

"म्हणजे कोळसा घातलाच नाही तर?"

मी मेंदूला शून्य दिलं. मेंदू म्हणाला, सत्त्याण्णव.

"शेठ, नाही घातला तरी चालेल," मी छाती फुगवून सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून कोळसा बंद.

फेरी १२०००. चूक : ०.००३

कारखान्यात जो रंग, तो खाडीत. सोमवारी शेंदरी, मंगळवारी जांभळा. बुधवारी मासे पोट वर करून तरंगले. गुरुवारी शेवंती रिकामी पाटी घेऊन कारखान्याच्या फाटकात येऊन बसली.

"ओ कॉम्पुटरवाले! तुमची मशीन काय म्हावरा खाते?"

मी पळतच गोमाजीला गाठलं.

"बाहेरच्या पाण्याची बाटली कुठून भरायचात?"

"नलाशी."

"नळावरून?"

"शेठनीच शिकवलाय ना. ठान्याचा तपासनीवाला सायब बाटली मागल त नलाचा पानी द्याचा. तुमी ठान्याशी आलावता. मना वाटला, तुमी त्यांचंच."

"आठ महिने, गोमाजी!"

"संशय नको म्हनून दोन थेंब टाकीतलं टाकायचू. भांगाला म्हावरा गावत नाय, मंग डोकां फिरतं. त्या दिशी हात जरा जास्ती परायचा."

भांग म्हणजे भरतीचा जोर ओसरतो ते दिवस. दर पंधरवड्याला येतात. माझे जिवाणू! एकवीस पानं!

त्याला हसू आलं नाही. मलाही नाही.

फेऱ्या संपल्या. चूक : मोजलेली नाही.

कोळीवाड्यानं तक्रार केली. ठाण्याहून तपासणीचे साहेब आले आणि त्यांनी बाटली मागितली. मी गोमाजीला बाजूला घेतलं.

"आज खरं पाणी द्या."

"शेठ काढंल मना."

"आणि खाडी?"

तो बराच वेळ हात पुसत राहिला. हात कोरडेच होते. मग टाकीकडे गेला आणि बाटली घेऊन आला. आत कुंकू कालवल्यासारखं लालभडक पाणी.

साहेबांनी ती उजेडात धरली. "हे काय?"

शेठनी शांतपणे माझा रिपोर्ट पुढे सरकवला. "कॉलेजचा शिक्का आहे, साहेब. दोनशे चाळीस वाचनं. म्हाताऱ्यानं बाटली धुतली नसेल."

साहेब माझ्याकडे वळले. "एवढ्यांत एखादं वाचन चुकतं, नाही का हो?"

खरं तर दोनशे चाळीस चुकली होती आणि हे एकच बरोबर होतं. एवढंच म्हणायचं होतं. दहा शब्दसुद्धा लागले नसते! पण पुढच्या मंगळवारी माझी तोंडी परीक्षा होती. गोमाजी माझ्या तोंडाकडे बघत होता.

"चुकतं," मी म्हणालो. "कधी कधी."

साहेबांनी त्या वाचनावर काट मारली आणि बाटली गोमाजीला परत दिली. शेठनी त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. जीप गेली. गोमाजी बाटली घेऊन तिथेच उभा.

"मंग हा कुठं वतू, सायब?"

मी इकडेतिकडे पाहिलं. दुसरी जागाच नव्हती हो!

मी नाल्याकडे बोट दाखवलं.