दहा पंखांवरचा थांबा

विषय : बसमार्ग क्रमांक सात पूर्ववत सुरू करणेबाबत.

संदर्भ : श्रीमती कौतिका सायाळ, राहणार दगडी उतार, यांचा चैत्र महिन्यातील अर्ज (पळसाचे पान एक, दोन्ही बाजूंनी लिहिलेले).

उपरोक्त विषयी हकीकत येणेप्रमाणे.

एका जंगलात बससेवा होती. हसू नका, मुलांनो. जंगल फार मोठं होतं. या टोकाची मुंगी त्या टोकाला जायला निघाली, तर पोहोचायची तिची नातवंडं. म्हणून सिंहमहाराजांच्या आजोबांनी हत्तींची बससेवा सुरू केली. हत्तीच्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या मातीने आकडा काढायचा, पाठीवर गवताची गादी टाकायची आणि शेपटीच्या बाजूला एक वानर कंडक्टर म्हणून बसवायचा. झाली बस.

सात नंबर ही त्यातली सर्वांत वाकडी बस. दगडी उतारावरून ती निघायची. वारुळांना वळसा घालायची. सशांच्या वस्तीत शिरायची आणि तिथून मागे फिरायची. वाटेत एक खोल घळ होती. ती टाळून बस वरच्या अंगाला जांभळीपर्यंत जायची, तिथल्या उथळ पाण्यातून पलीकडे उतरायची आणि मग कुठे कुंडावर पोहोचायची.

ही बस भागीरथी हत्तीण चालवायची. चाळीस वर्षं तिने तोच रस्ता तुडवला होता. कोण कुठे उतरतं हे तिला पाठ होतं. कंडक्टर शिद्राम वानर घंटा वाजवायचा तो केवळ हौस म्हणून.

कौतिका सायाळ दर तिसऱ्या दिवशी या बसने जायची. बरोबर तिचा नवरा बारकू असायचा. बारकूचा पुढचा पंजा शिकाऱ्याच्या फाशात सापडला होता. फासा सुटला, पण हाड दुखावलं. कुंडावरच्या अस्वलवैद्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "दर तिसऱ्या दिवशी लेप. पुढच्या वर्षीची होळी पेटेपर्यंत. एखादा खाडा चालेल. लागोपाठ दोन झाले, तर पंजा काढावा लागेल. मग माझ्याकडे रडत येऊ नका."

सायाळीच्या जातीला पुढचा पंजा म्हणजे कुदळ असते, मुलांनो. तो गेला की कंद उकरायचे कशाने आणि बीळ खणायचं कशाने?

बसमध्ये मात्र या नवराबायकोला दर खेपेला तेच ऐकावं लागे.

"मावशी, काटे आवरा!" शिद्राम ओरडायचा. "मागच्या फेरीला एका कोल्ह्याच्या मांडीतून तीन काढले मी."

"तुझ्या कोल्ह्याला सांग, बसमध्ये हात जागच्या जागी ठेवावेत," कौतिका म्हणायची. गाडीभर हशा व्हायचा. भागीरथीचेही कान हलायचे.

असं बरं चाललं होतं. आणि जे बरं चाललेलं असतं, त्याच्यात सुधारणा करायची वेळ येतेच.

खरं सांगायचं तर तक्रारी होत्या. हरणांना सरळ कुरणात जायचं असे आणि बस त्यांना वारुळं दाखवत हिंडे. सिंहमहाराजांनी हुकूम काढला, "प्रवाशांच्या सोयीचा विचार करून सगळे मार्ग नव्याने आखा." हुकूम चांगला होता. हुकूम नेहमी चांगलेच असतात.

समिती नेमायची ठरली. या कामाला दूरदृष्टी लागते, असं मंत्री म्हणाले. दूरचं कोणाला दिसतं? पाखरांना. म्हणून समितीत सगळी पाखरं घेतली. धनेशराव अध्यक्ष झाले. घार तपासनीस झाली. सल्लागार म्हणून बर्फाच्या मुलखातून दर हिवाळ्यात येणारे करकोचासाहेब मिळाले. सदस्यांपैकी एकानेही जन्मात बसमध्ये पाय ठेवलेला नव्हता. त्यामुळे समितीच्या तटस्थपणाबद्दल कोणालाच शंका घेता आली नाही.

समितीने पाहणी केली. म्हणजे वर उडून खाली पाहिलं.

"हा सात नंबर असा का चालतो?" करकोचासाहेबांनी विचारलं. "गांडुळासारखा?"

"जुनी पद्धत आहे साहेब," धनेशराव म्हणाले. "खालच्या लोकांना सवय झाली आहे."

सात नंबर रद्द झाला. त्याच्या जागी दोन सरळ रेषा आल्या. दगडी उतार ते घळीचा अलीकडचा काठ, बस नंबर दोन. घळीचा पलीकडचा काठ ते कुंड, बस नंबर पाच. मध्ये प्रवाशांनी बस बदलायची. आराखड्यात त्यापुढे लिहिलं होतं, "बदलीचे अंतर : दहा पंख." दहा वेळा पंख हलवले की माणूस पलीकडे, असा त्याचा अर्थ.

आराखडा देखणा झाला. फाल्गुनात करकोचासाहेब तो सुपूर्द करून बर्फाकडे उडून गेले. गुढीपाडव्याच्या मुहूर्तावर नव्या बस सुरू झाल्या.

पहिल्या दिवशी कौतिका आणि बारकू नंबर दोनमध्ये बसले. आकडा नवा होता, पण खाली भागीरथीच होती. बस सरळ निघाली आणि बघता बघता घळीवर आली. बारकूला कौतुक वाटलं.

"कौतिके, काय वेग आहे गं! उगाच नावं ठेवत होतीस."

"उतरा!" शिद्राम ओरडला. "बदली! पाच नंबर समोर उभी आहे."

पाच नंबर खरोखरच समोर उभी होती. मध्ये घळ होती. खाली पाहिलं तर डोळे फिरावेत इतकी खोल, आणि कडे पाटीसारखे गुळगुळीत.

"भाऊ, पलीकडे जायचं कसं?" कौतिकाने विचारलं.

शिद्रामने आराखड्याचं पान उलटसुलट करून पाहिलं. "दहा पंख लिहिलंय, मावशी."

"मला पंख आहेत का?"

"काटे आहेत. ते फुलवून बघा, काही होतं का."

पलीकडच्या हत्तीने वेळापत्रकाप्रमाणे वाट पाहिली. मग सोंड हलवून निरोप घेतला आणि तो रिकामाच कुंडाकडे निघून गेला. जांभळीवरून पायी जायचं तर लंगड्या बारकूला दीड दिवस लागला असता. दोघं घरी परतली.

एक खाडा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कौतिका समितीच्या कार्यालयात गेली. कार्यालय एका सावरीच्या झाडावर होतं. बुंध्याशी चिमा खार बसायची. ती आवक-जावक पाहायची, म्हणजे आलेला कागद वर न्यायची आणि न आलेलं उत्तर खाली आणायची.

कौतिकाने अर्ज पुढे केला. चिमाने तो वाचला आणि लगेच परत दिला.

"घळ चाळीस हात खोल, असं लिहिलंय तुम्ही. हात चालत नाही. अंतर पंखांत लिहा."

"खोलीसुद्धा?"

"खोलीचा रकानाच नाही बाई. वरून खोली दिसत नाही."

कौतिकाने खोली खोडली. चिमाने अर्ज दातात धरला. "हरकती धनेशीणबाई ऐकतात. पण त्या सध्या बसल्या आहेत."

"मग बरंच झालं. बसल्या आहेत तर भेटतील."

"तसं नव्हे. अंड्यांवर बसल्या आहेत. ढोलीत. दार लिंपून घेतलंय आतून. फक्त चोच बाहेर येईल एवढी फट ठेवलीय. पिल्लांना पंख फुटेपर्यंत बाहेर येणार नाहीत."

"आणि हरकतींची मुदत?"

"त्याच्या आधी संपते."

तरी चिमा वर गेली आणि तिने अर्ज फटीतून आत सरकवला. नियमाप्रमाणे सुनावणी लगेच सुरू झाली. वरून पुकारा झाला, "अर्जदार हजर आहेत काय?"

"हजर!" कौतिका खालून ओरडली.

"वर या."

सावरीच्या खोडाला काटे असतात, मुलांनो. काटेवालीलाही दुसऱ्याचे काटे टोचतात. कौतिका दोनदा चढली आणि दोनदा घसरली.

"बाई, इथूनच बोलते! नवऱ्याचा पंजा जाईल हो! बस सरळ आहे, पण मध्ये घळ आहे!"

"कुठली घळ?" फटीतून त्रासिक आवाज आला. "माझी सासू म्हातारपणी पलीकडे जाऊन उंबर खाऊन यायची. आणि मला इथून काय दिसतंय? पानं! सगळीकडे नुसती पानं. चैत्राची पालवी फुटली की ना रस्ता दिसत, ना हत्ती. तुम्ही खालचे लोक काय करता ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. अर्जदार गैरहजर. पुढचा अर्ज."

पुढचा अर्ज नव्हता. बाकीच्यांना सावर माहीत होती.

कौतिका परत फिरली. वाटभर तिच्या डोक्यात एकच वाक्य होतं. ना रस्ता दिसत, ना हत्ती. ती थांबली. मान वर करून तिने पाहिलं. सागाला सुपाएवढी पानं फुटली होती. आभाळाचा एक तुकडाही दिसत नव्हता.

ती तडक हत्तींच्या तळावर गेली. भागीरथी सोंडेने अंगावर माती उडवत होती.

"ताई, घार तुझ्यावर नजर ठेवते म्हणे. ती बघते कुठून?"

"दगडी उतारावर झाडं नाहीत, तिथून एकदा बघते. कुंडावर झाडं नाहीत, तिथे एकदा बघते," भागीरथी म्हणाली. "निघाली दोन नंबर, पोहोचली पाच नंबर, एवढंच टिपते."

"आणि मधे?"

भागीरथीचे कान हलायचे थांबले. चाळीस वर्षांत तिने एकही नियम मोडला नव्हता. मोडायची वेळच आली नव्हती.

"मधे पानं," ती हळूच म्हणाली. मग तिने हाक मारली, "शिद्राम, पांढरी माती किती शिल्लक आहे रे?"

"भरपूर. का?"

"आपल्याला लागणार आहे."

लेपाच्या दिवशी नंबर दोन वेळेवर निघाली. घारीने नोंद केली. पानांखाली शिरताच भागीरथीचे पाय न सांगता जुन्या वाटेला लागले. वारुळं आली. सशांची वस्ती आली. जांभळीपाशी बस क्षणभर थांबली. शिद्रामने ओल्या पाल्याने पुठ्ठ्यावरचा दोन पुसला आणि त्याच जागी पाच काढला.

"बदली झाली!" त्याने घंटा वाजवली. "कोणी उतरायचं नाही!"

घळीपाशी ताटकळायचा वेळ आराखड्यात धरलेला होताच, त्यामुळे वेळही जुळला. कुंडावर घारीने लिहिलं, "नंबर पाच, वेळेवर." पलीकडून येणारा हत्तीही जांभळीवर तेच करू लागला. नव्या व्यवस्थेत प्रवाशांनी बस बदलायची होती. प्रवासी जागेवरच राहिले, बस बदलली.

बारकूला लेप लागला. वैद्यांनी पंजा हुंगून पाहिला आणि म्हणाले, "वाचला. पण आता खाडा नको."

गोष्ट इथे संपली असती, मुलांनो. पण आकडे मोजायचे राहिले होते. घारीने प्रत्येक प्रवासी नंबर दोनमध्ये एकदा आणि नंबर पाचमध्ये एकदा असा मोजला. प्रवासी दुप्पट झाले! धनेशरावांनी पिसं फुलवून ही बातमी दरबारात सांगितली. हरणांना कुरणाची सरळ बस मिळाली होती, तेवढं तरी खरं होतं. तीही खूश होती. सिंहमहाराजांनी समितीला उत्कृष्ट आखणीचा मोरपिसाचा तुरा दिला. करकोचासाहेब हिवाळ्यात परतले, तेव्हा त्यांना शेजारच्या दोन जंगलांची बोलावणी आलेली होती.

कौतिका हे सगळं ऐकत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. पण ती जमिनीवर राहणारी, झाडांची पानं एक दिवस गळून खाली येतात हे तिला ठाऊक होतं. मार्गशीर्षात तिने चिमाकडे चौकशी केली.

"माझ्या अर्जाचं काय झालं हो?"

"धनेशीणबाई कधीच बाहेर आल्या. ढोली फोडली तेव्हा तुमचं पान सापडलं. दाराच्या लिंपणात होतं. मी सोडवून घेतलं आणि वाळवलं. अक्षर लागतंय अजून."

"मग निर्णय?"

"शेरा पडलाय. वाचते. 'मार्ग उत्तम चालू असून प्रवासी दुप्पट झाले आहेत. अर्जदार स्वतः दर तिसऱ्या दिवशी नव्या मार्गाने वेळेवर पोहोचत असल्याचे तपासनिसांच्या नोंदीवरून दिसते. तरी अडचण नेमकी काय, याचा खुलासा मागवावा.'"

खुलासा करायचा म्हणजे पांढऱ्या मातीचं सांगायचं. ते सांगितलं की भागीरथी निलंबित होणार. नाही सांगितलं तर अडचणच नाही.

"होळीला किती दिवस आहेत हो?" तिने विचारलं.

"अडीच महिने."

"आणि सागाची पानं कधी गळतात?"

चिमा खार होती. सगळं आयुष्य तिने झाडावर काढलं होतं. तिने कौतिकाकडे पाहिलं आणि आवक-जावकाची वही मिटली.

"माघात," ती म्हणाली. "होळीच्या आधी महिनाभर."

माघ लागला. एका सकाळी नंबर दोन दगडी उतारावरून निघाली. जांभळीच्या अलीकडे एक मोठं वाळकं पान गिरक्या घेत आलं आणि बारकूच्या पंजावर पडलं. शिद्रामने ते उचलून दूर फेकलं. मग दुसरं पडलं. सगळ्यांनी एकदम वर पाहिलं. आभाळाचा हातभर तुकडा दिसत होता आणि त्यात एक घार होती. भागीरथीने पावलं झपाझप उचलली.

कौतिका सायाळ यांच्याकडून खुलासा अप्राप्त आहे. अर्ज विचाराधीन आहे.

तात्पर्य : मुलांनो, झाडे लावा, झाडे जगवा. शक्यतो अशी लावा, ज्यांची पाने कधीच गळत नाहीत.