चांदीच्या तेरा विटा

निवृत्तीची पुंजी कशात ठेवावी, हे मला कुणी शिकवू नये! एकतीस वर्षं मी नेब्रास्काच्या बर्फातून शाळेची बस हाकली, एकदाही पोरांसकट खड्ड्यात घातली नाही. शेजारच्या मर्ल हॉटोव्हीने मात्र आपली सगळी पुंजी म्युच्युअल फंडात घातली. म्हणजे हवेत!

"मर्ल, कुणी शिंकलं तरी तुझं म्हातारपण उडून जाईल!" मी त्याला कुंपणावरून सुनावलं.

माझ्या निवृत्तीच्या खात्यात खराखुरा धातू येणार होता. खातं सांभाळणाऱ्या कंपनीतल्या मिस लिंडक्विस्टला मी फोन लावला.

"चाळीस हजार डॉलरचं सोनं किती येईल?"

"खिशात मावेल, काका."

"आणि चांदी?"

"ती उचलायला दोन माणसं लागतील."

"चांदीच!"

शंभर-शंभर औंसांच्या तेरा विटा ठरल्या. बाई म्हणाली, "त्या डेलावेअरच्या तिजोरीत राहतील."

"डेलावेअर मी जन्मात पाहिलं नाही! घरी पाठवा."

"घरी मागवल्यात तर त्याचा अर्थ असा होतो, की..."

"अर्थबिर्थ मला कळतो!"

फॉर्म आला. मी सही ठोकली. वाचतो कोण?

विटा आल्या. बायकोला, आर्डिथला, सांगायची सोय नव्हती. तिला सांगणं म्हणजे चर्चच्या घंटेला सांगणं! मी एकेक वीट खाटकाच्या पांढऱ्या कागदात गुंडाळली, वर 'हरीण' लिहिलं आणि गॅरेजातल्या फ्रीजरमध्ये खऱ्या हरणाच्या मांसाखाली पुरली. काय डोकं आहे माझं!

छप्पन्न दिवसांनी मिस लिंडक्विस्टचा फोन आला. "काका, विटा घरी नेल्यात, म्हणजे पैसे खात्यातून काढलेत. साठ दिवसांच्या आत परत आल्या नाहीत, तर सगळ्या रकमेवर कर!"

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

पलीकडून तिने उरलेले दिवस मोजून सांगितले. चार!

मी गॅरेजात धावलो. पुडकी फोडली. बारा! पुन्हा मोजली. बाराच! नाक गारठेपर्यंत फ्रीजरमध्ये वाकून शोधलं. शेवटी आर्डिथला हाक मारावीच लागली.

"यातलं एक हरीण कुठे गेलं?"

"चर्चच्या जेवणाला दिलं परवा. का रे? आणि हातात काय आहे तुझ्या?"

सांगितलं. ती फ्रीजरवरच बसली. "ऑरव्हिल, तू बर्फात बस चालवत होतास, की बस तुला चालवत होती?"

मी तसाच चर्चकडे गाडी पिटाळली. चर्चच्या तळघरात मर्ल एप्रन बांधून, घामाघूम होऊन उभा होता. हातात खाटकाचा सुरा.

"ऑरव्हिल, हे हरीण तू मारलंस, की ते म्हातारपणानेच मेलं? दोन दिवस झाले, विरघळतच नाही! आता सुराही वाकला!"

कागद फाटला होता. आतून चांदी चमकत होती. मर्लने आधी वीट पाहिली, मग मला पाहिलं, आणि हसत हसत बटाट्यांच्या पोत्यावर कोसळला. तळघरातल्या अकरा बायका हसल्या. पाद्रीसुद्धा!

अठ्ठावन्नाव्या दिवशी विटा डेलावेअरला पोचल्या. बारा स्वीकारल्या. तेरावीवर सुऱ्याचे चार खोल घाव होते. 'खराब माल' म्हणून ती घरी परतली, आणि तिच्यापुरता कर मी निमूट भरला.

आता आर्डिथ बरणीत कोबी आंबत घालते, तेव्हा ताटलीवर वजन म्हणून ती वीट ठेवते. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, "हे आमच्या ह्याचं निवृत्तीचं खातं!"

कोबी मात्र छान आंबतो. तेवढं मान्य करायलाच हवं.