न काढलेली आतडी

"आतडी काढलीस?" दारातूनच गेनपाची नावाच्या आजोबांनी विचारलं.

"काढली की," तोकुजी म्हणाला.

त्याची बायको इसोए शेगडीतले निखारे उगाच खालीवर करत बसली.

जपानमधल्या आकिताच्या त्या डोंगरवाडीत कायदा एकच. पक्षी पडला की पाव तासात, बर्फात उभं राहूनच, फांदीच्या आकड्यानं त्याची आतडी ओढायची, डोंगरदेवीला वाहायची आणि मगच घरी यायचं. जीव घ्यायचा आणि आळसानं मांस नासवायचं, असा हलकटपणा करणाऱ्याला वाडीतल्या शिकाऱ्यांचे म्होरके असलेले हे आजोबा बंदुकीला हात लावू देत नसत. तोकुजी तीन वर्षं अस्वलाच्या शिकारीत नुसते हाकारे घालत होता. या वसंतात बंदूकवाल्यांत जागा मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं.

आणि आजच सकाळी त्यानं डोंगरकोंबडा पाडला होता. दोन हात शेपटी, तिच्यावर तेरा पट्टे, अंगावर वितळलेल्या तांब्याचा रंग. तोकुजीनं आकडा बाहेर काढला, शेपटीकडे पाहिलं आणि आकडा परत खिशात घातला. असल्या देखण्या जिवात आकडा घालायची त्याची छातीच झाली नाही. पिसं मोडतील म्हणून पायही बांधले नाहीत. नव्या बाळासारखा उचलून आणला आणि अंगणात मुळे साठवायच्या बर्फाच्या खड्ड्यात, मुळ्यांवरच निजवून वर फळी टाकली.

"देवीला वाहिलीस?"

"वाहिली."

"काय म्हणालास तिला?"

"नेहमीचंच, आजोबा."

"चल, दाखव. चीर बघू दे."

तोकुजीनं किटली पुढे ओढली. "आत्ता? गार होऊ दे की जरा. चहा घ्या."

"चहा संपलाय," इसोए म्हणाली.

"काल तर आणलास."

"खोटं बोलणाऱ्यांच्या घरात टिकत नाही."

आजोबा अंगणात पोचलेही होते. त्यांनी काठीनं फळी उचकली.

खड्ड्यातून आधी फडफड आली. मग बर्फाचा लोट उडाला, आणि त्यातून तो वर आला. आजोबांच्या टोपीला पंख लागला, टोपी पडली. दुपारचं ऊन तांब्यावर पडलं आणि अख्खं अंगण क्षणभर पेटल्यासारखं झालं. ती शेपटी छपरावरून, देवदारांवरून सरकत गेली, संपता संपेना. दारात आलेल्या इसोएच्या हातातला शेगडीचा चिमटा तसाच राहिला. छऱ्यानं पक्ष्याला फक्त झीट आली होती, हे तोकुजीला आता कळलं, पण त्याचंही तोंड उघडंच होतं.

एक्क्याऐंशी वर्षांचा तो तिखट म्हातारा बोडक्यानं डोंगराकडे कमरेतून वाकला. बराच वेळ वाकलेला राहिला.

मग टोपी झटकत म्हणाला, "आतडी काढली होतीस."

तोकुजीनं मान डोलावली. "काढली होती."

"देवीला वाहिली होतीस."

"हो."

"म्हणजे तिनं आतडी परत घालून सोडला." आजोबांनी टोपी नीट बसवली. "साठ वर्षांत असं पाहिलं नाही. मोठा माणूस आहेस बाबा तू. तू मारलेलं देवी जिवंत करते."

"तसं नाही, आजोबा…"

"नाही कसं? म्हणून यंदाही हाकाऱ्यांतच राहा. अस्वलाच्या बाबतीत ही जोखीम मला नको."

ते निघून गेले. तोकुजी खड्ड्यात बघत उभा राहिला.

"आता बघताय काय?" इसोए म्हणाली. "मुळे तरी नीट मेलेत ना, तेवढं तपासून आत आणा."