दुकान खरंच बंद होतंय

गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा दुकानदाराने आपले चपलांचे दुकान बंद करायचे ठरवले. गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून जोडा चढवून बघायचा, हा त्याचा धंदा. बसल्यावर उठताच येईना, मग कसला धंदा? मुलगा जाहिरातीच्या कंपनीत. दुसऱ्याच्या पायाला हात लावायला त्याला कमीपणा वाटायचा, दुसऱ्याच्या डोळ्यांत धूळ फेकायला वाटत नसे. महिनाअखेरीला दुकानाची जागा सोडायची होती, वरचे बिऱ्हाड तेवढे राहणार होते.

दुकानदाराला एकच हवे होते. ज्यांचे पाय त्याला तोंडपाठ होते, कोणाचा अंगठा वाकडा, कोणाची टाच भेगाळलेली, त्यांनी एकदा येऊन मापाचा जोडा न्यावा, दोन शब्द बोलावेत. जन्मभर तो गिऱ्हाइकाशी खोटे बोलला नव्हता. "ही घेऊ नका, पावसात उकलेल," असे स्वतःच्या मालाबद्दल सांगायचा, आणि बायको कपाळाला हात लावायची. आता त्याने पुठ्ठ्यावर लिहिले, 'दुकान बंद होणार आहे', आणि पाटी टांगली.

कोणी फिरकले नाही. समोरच्या कापडवाल्याने 'दुकान बंद करणे आहे, शेवटचे काही दिवस' असा फलक कित्येक वर्षे लावून ठेवला होता. त्या शेवटच्या दिवसांत त्याने वर मजला चढवला आणि दोन मुलींची लग्ने उरकली. त्यामुळे दुकानदाराची पाटी वाचून लोक त्याला डोळा मारून पुढे जात. जुने गिऱ्हाईक असलेले मास्तर तेवढे थांबले. उशिरा का होईना, शहाणे झालात, म्हणाले. त्यांच्या चपलेचा पट्टा दोरीने बांधलेला होता, पण भाव अजून उतरेल म्हणून तेही तसेच घरी गेले.

दुकानदाराने पाटीत 'खरंच' हा शब्द घातला. मग तर लोक उघड हसायला लागले. खरेच बंद करणारा 'खरंच' कशाला लिहील, हे शेजारच्या न्हाव्याने त्याला समजावून सांगितले. मुलाचेही तेच मत पडले, तो शब्द ते लोक कंपनीत खोट्या मालासाठी राखून ठेवतात म्हणे. त्याने एकावर एक फुकटचा लालभडक फलक छापून आणला. आईने तो फाडला नाही. कागद जाड होता, कपाटात खाली अंथरला.

मग तिनेच सुचवले की पेपरात द्या, छापलेले तरी लोकांना पटेल. तिची अक्कल त्या दिवशी कुठे चरायला गेली होती कोण जाणे. बातमीदार आला, लिहून घेऊन गेला. बातमी वाचून मागोमाग पुढारी आला, निवडणूक तोंडावर होती ना. त्याने दुकानदाराच्या खांद्यावर हात टाकला आणि हे दुकान बंद पडू देणार नाही असे जाहीर केले. अहो, माझे गुडघे दुखतात, असे दुकानदार सांगत होता. तुमचं दुःख मी जाणतो, असे म्हणून पुढारी कॅमेऱ्याकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी छापून आले, 'चपलांचे दुकान वाचले'. फोटोत पुढारी अख्खा होता, दुकानदाराचा कान तेवढा आला होता.

त्यानंतर लोक आले, पण अभिनंदन करायला. खोकी तशीच राहिली. शेवटी एका घाऊकवाल्याने ती नाक मुरडत उचलली, आणि महिनाअखेरीला दुकानदाराने शटर ओढून कुलूप घातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने वरच्या खिडकीतून बघितले तर बंद शटरसमोर ही गर्दी. दुकान चालू असताना कधी एवढी माणसे आली नव्हती. शटर ही नवी युक्ती आहे, दहाला उघडेल आणि निम्म्या भावात देईल, असे कोणीतरी पसरवले होते. सर्वांत पुढे मास्तर.

दुकानदार भिंतीला धरून एकेक पायरी उतरत खाली गेला. बायको मागे.

"दुकान संपलं," तो म्हणाला. "आत एक चप्पल नाही. एवढं तरी ऐका माझं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाली, "ते कळलं हो काका, उघडणार किती वाजता तेवढं सांगा."

 खाली मान घालून तो त्यांचे पाय बघत राहिला, एकेक ओळखीचा, झिजलेल्या चपलांतला. तो मान वर करेना तशी बायको पुढे झाली.

"माल वाटेत अडकलाय," तिने ठणकावून सांगितले. "पुढच्या आठवड्यात या. निम्म्या भावात देऊ."

"असं आधीच सांगायचं ना, वहिनी," मास्तर म्हणाले. बघता बघता सगळे समाधानाने आपापल्या घरी गेले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही.

रस्ता मोकळा झाला. दुकानदार जिन्याच्या पायथ्याशी उभाच होता.

"तू खोटं बोललीस."

"बोलले."

"आणि त्यांनी लगेच ऐकलं."

"ऐकलं."

त्याने कठड्याला धरले. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात काय सांगशील?"

"त्याच्या पुढच्या आठवड्यात या म्हणेन," तिने त्याच्या काखेत हात घातला. "तुम्ही पाय उचला."